चुकलं म्हणू नका, ओव्हरशूट झालं म्हणा

तुम्ही अजून ‘चुकलं’ म्हणता? ‘अंदाज फसला’, ‘हाताबाहेर गेलं’ असलं काहीबाही कबूल करून मोकळे होता? मग तुमचं कठीण आहे. यापुढे खांदे किंचित उडवून एवढंच म्हणायचं, ‘थोडं ओव्हरशूट झालं.’

शब्द मूळचा तिरंदाजीतला. बाण लक्ष्याच्या पलीकडे गेला की ओव्हरशूट. नेम चुकलाच, पण अलीकडे पडला असता तर लोक म्हणाले असते, दंडात दम नाही. पलीकडे पडला की निदान दम तरी सिद्ध होतो. या शब्दाची पुढची सगळी कारकीर्द एवढ्याच सोयीवर उभी आहे. खर्च दुप्पट झाला? बजेट ओव्हरशूट. काम सहा महिने रखडलं? डेडलाइन ओव्हरशूट. ऐकणाऱ्याला वाटतं, सांगितलं त्याहून जास्तच करून दाखवलंय. (‘अति तेथे माती’ ही म्हण बैठकीत चुकूनही काढू नका.)

कुणी खोलात शिरलंच, तर विमान काढा. धावपट्टीच्या पुढे निघून गेलेलं विमानही ओव्हरशूट, आणि उतरणं जमत नाही हे ओळखून वैमानिकानं वेळीच पुन्हा वर घेतलेलं विमानही, ब्रिटिश वळणाच्या जुन्या परिभाषेत, ओव्हरशूटच. अपघातालाही तोच शब्द, शहाणपणालाही तोच. आपण कुठल्या अर्थानं म्हणालो, ते सांगायची घाई करू नये.

अभियंते मात्र टाळलेले बरे. ते टक्केवारी काढतात. तापमान १०० अंशांवर ठेवायचं होतं आणि ते १२० ला जाऊन मग खाली आलं, तर ओव्हरशूट २० टक्के. वर कारणही सांगतात. ते कारण तुम्ही रोज अंघोळीला अनुभवता. नळ फिरवला, पाणी गार. आणखी फिरवला, तरी गार. वैतागून पार टोकापर्यंत नेला, आणि मघाच्या फिरवण्याचं गरम पाणी आत्ता पोचलं! ओरडून उलटा फिरवला की पुन्हा बर्फ. परिणाम उशिरा दिसतो आणि हात थांबत नाही, एवढंच ते शास्त्र. तुम्ही नळाला दोष द्या.

थोडी विद्वत्ता हवी असेल, तर इंग्रजी ‘ओ’ दाखवा. गोल अक्षर रेषेच्या जरासं वर-खाली काढावं लागतं, नाहीतर ते शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसतं. टायपोग्राफीत यालाही ओव्हरशूटच म्हणतात आणि तो मुद्दाम करतात. तुमचाही मुद्दामच होता.

पण खरे उस्ताद हवामानाच्या वाटाघाटींत भेटतात. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायचा प्रयत्न करू, असं ठरलं. रोखणं जमेना, तसा हा शब्द कामी आला. आता आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या, अहवालांत ‘मर्यादित ओव्हरशूट’ असतो, म्हणजे ०.१ अंशापर्यंत, आणि ‘मोठा ओव्हरशूट’ असतो, ०.१ ते ०.३. रेषा आधी ओलांडायची, मग हवेतला कार्बन काढून घेत शतकाअखेर पुन्हा खाली यायचं. वितळलेल्या हिमनद्यांना परतीचं तिकीट कोण देणार, असले खवचट प्रश्न विचारू नका. वाक्यात ‘तात्पुरता’ हे विशेषण तेवढं पेरा.

तरी कुणी शंका काढलीच, तर छातीठोक सांगा की वर गेलेला आकडा खाली येतोच. पुरावा आहे. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. तिथे १९४४ साली २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाही, पायाखाली दगडफुलाचा जाड थर. १९६३ साली ते ६,००० झाले. थर खाऊन संपला, त्यात कडक हिवाळा आला, आणि कुठल्याही वाटाघाटीविना आकडा आपोआप खाली आला. १९६६ साली मोजले तेव्हा ४२ भरले. त्यांत नर एकच होता.