पर्समधली बाटली, मळ्यातला पाइप आणि 1959 चा कायदा

मागच्या महिन्यात माझ्या लेकीच्या पर्समधला पेपर स्प्रे भर बसमध्ये आपोआप उडाला. संध्याकाळची वेळ, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सातपूरकडे जाणारी बस, पाय ठेवायला जागा नाही. पर्स दांड्यावर दाबली गेली आणि स्प्रेचं टोपण आधीच ढिलं झालेलं. फुस्स झालं आणि बघता बघता अर्धी बस खोकायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "गॅस लीक झालाय!" झालं, सगळे दाराकडे. ड्रायव्हरने शहाणपणाने बस कडेला घेऊन उभी केली म्हणून कोणी चाकाखाली आलं नाही. एका आजीचा दम बराच वेळ बसेना. लेक स्वतः लाल डोळ्यांनी त्यांना पाणी पाजत होती आणि आजी तिलाच विचारत होत्या, "कोणी केलं गं हे?"

मी पोहोचले तेव्हा दोन पोलीस आले होते. एक म्हणाले, "ताई, याला परवाना लागतो." दुसरे म्हणाले, "काही लागत नाही हो, ऑनलाइन मिळतं हे, माझ्या मुलीकडे पण आहे." दोघंही खात्याचे, दोघंही एकाच गणवेशात. शेवटी नाव-नंबर लिहून घेतला आणि सोडलं. वागायला दोघंही चांगले होते, तक्रार अजिबात नाही. पण घरी आल्यावर मला चैन पडेना. लागतो की नाही लागत?

म्हणून शस्त्र अधिनियम 1959 उघडला. मी वकील नाही, बँकेत आयुष्य काढलेली बाई. पण नियमांची भाषा वाचायची सवय आहे. कलम 2 मध्ये "अग्निशस्त्र" म्हणजे काय ते सांगितलंय. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर काहीतरी फेकणारं हत्यार, हे तर समजलं. पुढे त्यातच तोफा, हातबॉम्ब, आणि अपायकारक द्रव किंवा वायू सोडण्यासाठी बनवलेलं कुठल्याही प्रकारचं हत्यार. मी ते वाक्य तीनदा वाचलं. शब्दशः घेतलं तर माझ्या पोरीच्या पर्समधली लिपस्टिकएवढी बाटली तोफेच्या रांगेत बसते! ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात जवळजवळ हेच शब्द आहेत, आणि तिथे ते खरोखर पाळतात. पेपर स्प्रे तिथे सामान्य माणसाला बंदी असलेलं हत्यार आहे. जर्मनीत तोच स्प्रे "जनावरांपासून बचावासाठी" असं छापून दुकानात सर्रास विकतात. आपण काय केलंय? कागदावर ब्रिटन आणि बाजारात जर्मनी.

चालतंय ना, मग कशाला उकरायचं, असं माझे मिस्टर म्हणाले. चालतंय ते कोणी तक्रार करत नाही तोवर. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे स्प्रे मारल्याचं एक प्रकरण आलं. आपल्याकडे यावर नीट काही ठरलेलंच नाही म्हणून न्यायालयाने अमेरिकेतल्या निकालाचा आधार घेत स्प्रेला धोकादायक हत्यार म्हटलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिवाला धोका नसताना स्प्रे मारणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे, हे मला पटतं. पण आपल्या बाटलीचा फैसला करायला अमेरिकेत जावं लागतं, हे काही पटत नाही.

बरं, हा प्रश्न फक्त बायकांच्या पर्सचा नाही. माझ्या भावाचा निफाड तालुक्यात मळा आहे. द्राक्षं आणि थोडा मका. मण्यांत गोडी उतरायला लागली की पाखरं येतात, मक्यात रानडुक्कर आणि उसाच्या कडेला बिबट्या. वडिलांच्या वेळी गोफण होती. आता पीव्हीसीचा पाइप आहे. पाइपात कार्बाइडचा खडा, वर पाण्याचे चार थेंब, मागे गॅसचा लायटर. अ‍ॅसिटिलीन तयार होतो, खटका दाबला की धडाम. गेल्या हंगामात भाच्याने दोनदा खटका दाबला, आवाज आला नाही म्हणून त्याने आत डोकावून पाहिलं. बारा वर्षांचं पोर. भुवया जळाल्या आणि बुबुळावर पांढरा डाग पडला. तीन महिने थेंब टाकून नजर वाचली. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे अशाच पाइपांनी मुलांचे डोळे गेले, मग तिथे बंदी आली. कार्बाइड साठवायला 1987 चे वेगळे नियम आहेत. शस्त्र कायद्यात पाइपाला मात्र काही नाही, कारण तो काही फेकत नाही, नुसता आवाज करतो. म्हणजे व्याख्येतच बसत नाही. डोळे भाजणारा पाइप खेळणं आणि डोळे चुरचुरवणारी बाटली तोफ!

अमेरिकेतली टेझरची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. विजेचा झटका देणारं हे यंत्र सुरुवातीला बंदुकीच्या दारूवर चालायचं, म्हणून 1970 च्या दशकात तिथल्या सरकारने त्याला बंदूक ठरवलं. 1990 च्या दशकात दारू काढून दाबलेला नायट्रोजन घातला आणि ते बंदुकीच्या व्याख्येतून सुटलं. झटका तोच, ज्याला बसतो तो माणूसही तोच.

आणि "प्राणघातक नसलेलं" हा शब्द मला नेहमी खटकतो. काश्मीरमध्ये 2016 साली जमावावर पेलेट गन वापरल्या, त्याही याच नावाखाली. कित्येकांची नजर गेली. जीव घेत नाही म्हणजे काही घेत नाही, असं थोडंच आहे?

मग करायचं काय? आपल्याच 2016 च्या शस्त्र नियमांत उत्तराचा धागा आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकीला, म्हणजे एअरगनला, तिथे मोजपट्टी लावली आहे. 20 ज्यूलच्या आत आणि 4.5 मिलिमीटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, त्यावर गेलात तर लागतो. कालिकेच्या यात्रेत फुगे फोडायला आपण जी बंदूक खांद्याला लावतो तिची ताकद कायद्याला मोजता येते, तर स्प्रेची का नाही? बाटली किती मिलिलिटरची, आत तिखटाचा अर्क किती टक्के, खटक्याला कुलूप आहे की नाही, मुदत कधी संपते, हे छापल्याशिवाय विकायची नाही. अठराच्या आतल्याला द्यायची नाही. दुकानदाराने नाव लिहून घ्यावं. पुण्यात कोयते विकणाऱ्यांना पोलिसांनी गिऱ्हाइकाचं आधार घ्यायला सांगितलंच होतं की. मात्र बाळगणाऱ्याला परवाना अजिबात नको. ज्या मुलीला रात्री अंबडच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून घरी यायचंय तिने अर्ज, पडताळणी आणि चकरा कधी मारायच्या? गैरवापर केला तर न्याय संहितेचं कलम 118 आहेच, धोकादायक साधनाने दुखापत केली म्हणून तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, कायदा झाला की पहिला माझाच पाइप उचलतील, कोयतावाले मोकळेच फिरतील." त्याचं अगदी चूक नाही. कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटतो आणि चौकात तोच नाचवतात. पण पाइप उचलावाच, असं त्याच्याच पोराकडे बघून मला वाटतं. हे मी त्याला बोलले नाही.

मला खरी घाई आहे ती सिंहस्थाची. 2003 च्या कुंभात आपल्याच शहरात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. मी तेव्हा पंचवटीतच होते, दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत चपलांचा ढीग बघितलाय. आता 2027 ची पर्वणी. रामकुंडाच्या वाटेवर एखाद्या पर्समध्ये अशीच एक बाटली दाबली गेली आणि कोणीतरी "गॅस!" म्हणून ओरडलं तर? तिथे बस कडेला घेणारा ड्रायव्हर नसणार. त्या दिवसांत घाटांवर स्प्रे न्यायला मनाई हवी आणि ती आत्तापासून सांगायला हवी.

लेकीची ती बाटली आमच्या फ्रीजवर पडून आहे. काल उलटी करून पाहिली तर मुदत मागच्या वर्षीच संपलेली, आणि टक्केवारीच्या जागी नुसतं "एक्स्ट्रा स्ट्राँग". तिला नवीन घ्यायची आहे. वाचणाऱ्यांतल्या वकील मंडळींनी सांगा, बिल कुणाच्या नावावर घेऊ, तिच्या की माझ्या?