‘फरक फक्त मेहनतीचा’? नाही, हे खरं नाही

निकालाचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. तो साधारण असा: “एकच वर्ग, एकच फळा, एकच पुस्तक, शिकवणारे शिक्षकही तेच. तरी एक मुलगा डॉक्टर होतो आणि दुसरा हमाली करतो. शाळेने दोघांना सारखंच दिलं. फरक फक्त मेहनतीचा. परिस्थितीला दोष देणं सोडा.” पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मुलांना हुरूप यावा हा. पण माझी बरीच वर्षं शिकवण्यात गेली आणि हे वाचलं की मला मागच्या बाकांवरची मुलं आठवतात. त्यांच्यावर यातून जो ठपका बसतो तो खोटा आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

“एकच वर्ग, एकच फळा, एकच पुस्तक.”

पुस्तक एकच असतं, पण त्याची भाषा काही मुलं घरूनच घेऊन येतात आणि काहींच्या कानावर ती शाळेतच पहिल्यांदा पडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी घरून येणाऱ्या या शिदोरीला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटलं. घर-जमिनीसारखं तेही वारशानं मिळतं. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण त्याला ‘उपजत हुशारी’ समजून बसतो.

इंग्लंडमध्ये समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाईन यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलांसमोर खाद्यपदार्थांची चित्रं ठेवली आणि जी एकत्र ठेवावीशी वाटतात ती ठेवायला सांगितलं. कामगारांच्या घरातली बरीच मुलं म्हणाली, हे आमच्या घरी सकाळी असतं, हे आई करते. मध्यमवर्गीय मुलं म्हणाली, हे समुद्रातून येतं, हे दुधापासून होतं. मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं, तेव्हा मध्यमवर्गीय मुलांपैकी बऱ्याच जणांनी घरच्या जेवणावरूनच चित्रं लावली. म्हणजे तसा विचार त्यांनाही येत होता. मोठ्या माणसानं असं विचारलं की कुठलं उत्तर आधी द्यायचं, एवढं मात्र त्यांना घरूनच ठाऊक होतं. शाळा ही गोष्ट शिकवत नाही आणि गुण मात्र तिचेच देते.

एकदा मी “घरच्यांना विचारून लिहून आणा” असा गृहपाठ दिला होता. एक मुलगी कोरी वही घेऊन आली. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ती म्हणाली, “विचारलं बाई, पण त्यांना प्रश्नच कळला नाही.” तिनं सांगितलेलं सगळं केलं होतं. चूक माझ्या गृहपाठात होती, आणि हे मला त्या दिवशीच कळलं याची अजून खंत वाटते, कारण त्याआधी असे किती गृहपाठ मी दिले असतील.

“शिकवणारे शिक्षकही तेच.”

रे रिस्ट या अमेरिकन अभ्यासकाने मुलांची एक तुकडी बालवर्गापासून दुसरीपर्यंत पाहिली आणि १९७० मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. शाळा सुरू झाल्यावर आठव्याच दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. तोवर एकही परीक्षा झालेली नव्हती. बाईंना माहीत होतं ते घर: कुणाचे कपडे नीटनेटके, कोण कसं बोलतं, कुणाच्या घरी सरकारी मदत येते. नीटनेटकी मुलं बाईंच्या जवळच्या टेबलावर बसली, बाकीची लांब. बाईंचं बोलणं आणि फळ्यावरचं लिहिणं बहुतेक त्या जवळच्या टेबलासमोरच चालायचं. वर्गातली मुलं आणि बाई, सगळेच कृष्णवर्णीय होते. म्हणजे इथे वंशाचा नव्हे, घरच्या ऐपतीचा प्रश्न होता. दुसरीत पोचेपर्यंत गटांना नावंही पडली होती: वरचा गट ‘वाघ’, खालचा ‘विदूषक’.

शिक्षकांच्या अपेक्षेनं मुलांची बुद्धी वाढते, असं सांगणारा १९६८ चा रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा प्रयोग अशा वेळी नेहमी पुढे केला जातो. त्यावर पुढे बरेच आक्षेप आले, म्हणून त्याच्यावर मी विसंबत नाही. रिस्ट यांच्या वर्गातली ती टेबलं मला पुरेशी आहेत.

“फरक फक्त मेहनतीचा.”

या वाक्यामागे एक जुना, गंभीर विचार आहे. १९४५ मध्ये किंग्सली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की महत्त्वाच्या कामांना लायक माणसं मिळावीत म्हणून समाज त्यांना जास्त मोबदला देतो. या विचारात शिक्षण ही लायकांना निवडून काढणारी चाळणी ठरते. १९५३ मध्ये मेल्विन ट्युमिन यांनी त्याला उत्तर दिलं: लायकी घडवायची संधीच जर आईबापांच्या स्थितीवर ठरत असेल, तर समाजात एकूण गुणवत्ता किती आहे हे कळणार कसं? मला हा प्रश्न आजही बिनतोड वाटतो.

मेहनत लागते, याबद्दल वाद नाही. पण काही मुलं मेहनतच करत नाहीत, त्याचं काय? पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरच्या १२ मुलांवर केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं अभ्यासाची टिंगल करायची, तास बुडवायची. आळस एवढंच त्याचं कारण नव्हतं. प्रमाणपत्रं वाढली तरी आपल्यासारख्या सगळ्यांना वरच्या जागा मिळणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. दुःख याचं की तेच ओळखून त्यांनी शाळा झिडकारली आणि बापांसारखीच अंगमेहनतीची कामं स्वतःहून पत्करली.

“परिस्थितीला दोष देणं सोडा.”

जेम्स कोलमन यांच्या अमेरिकेतल्या शाळांवरच्या १९६६ च्या अहवालात मुलांच्या यशाशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा संबंध जास्त दिसला. त्यावरून कुणी “मग शाळेचा उपयोगच काय” असं विचारतात. उपयोग मोठा आहे. जिच्या घरी पुस्तक नाही तिला ते शाळेतच मिळतं, आणि समाज एकत्र बांधायला शाळा लागते हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण नुसत्या शाळा वाढवून दरी बुजत नाही. योसी शावित आणि हान्स-पीटर ब्लॉसफेल्ड यांनी १९९३ मध्ये १३ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळीकडे शिक्षण खूप वाढलं होतं, पण ११ देशांत वरच्या आणि खालच्या थरांतल्या मुलांच्या संधींमधलं अंतर जवळपास तसंच राहिलं होतं. अपवाद दोनच, स्वीडन आणि नेदरलँड्स. तिथे अंतर का घटलं याचं कारण शोधताना अभ्यासकांनी बोट ठेवलं ते मुलांच्या मेहनतीवर नाही, तर वेगवेगळ्या थरांतल्या कुटुंबांचं राहणीमान एकमेकांच्या जवळ आलं होतं यावर. म्हणजे परिस्थितीवरच.