‘यादीत पद आहे म्हणजे परमिट पक्कं’ हे खरं नाही

परदेशी नोकरीबद्दलचा एक मेसेज सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा : प्रत्येक देश टंचाई असलेल्या व्यवसायांची यादी काढतो, ती मोठ्या कंपन्या ठरवून घेतात आणि आपलं पद तिच्यात असलं, किंवा अनुभवपत्रावर तसं लिहून घेतलं, की वर्क परमिट मिळतंच. यावर विश्वास ठेवून लोक हातची नोकरी सोडतात, कर्ज काढतात. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

प्रत्येक देशाची यादी असते, हे चूक. अमेरिकेच्या एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी कामगारांसाठीच्या, व्हिसाला टंचाईची यादी नाही. त्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी लागते का, हे तिथे पाहतात. वर्षाला नव्या व्हिसांची मर्यादा ६५,०००, शिवाय अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००.

कंपन्या यादी ठरवतात, हे अर्धसत्य आहे. त्या मागणी करतात, दबावही आणतात, पण मागणी तपासली जाते. ब्रिटनमध्ये २००७ पासून मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटी ही सरकारला स्थलांतराबाबत सल्ला देणारी समिती आहे. काम पुरेसं कौशल्याचं आहे का, टंचाई खरी आहे का आणि ती बाहेरची माणसं आणून भरणं योग्य आहे का, असे तीन प्रश्न तिने वर्षानुवर्षं विचारले. खरी टंचाई आकड्यांत दिसते : पगार वाढू लागतात, जागा रिकाम्या राहतात. ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणणारा मालक पगार वाढवायला तयार नसेल, तर त्याच्या तक्रारीवर शंका घेणं रास्तच आहे. २०१६ मध्ये नर्सना यादीत ठेवण्याची शिफारस करताना या समितीने स्पष्ट नाराजी नोंदवली. ही टंचाई आधी ओळखता आली असती, नियोजन कमी पडलं, पगार दाबून ठेवले गेले, असं तिचं म्हणणं होतं. अर्थात समिती फक्त शिफारस करते, निर्णय सरकारचा. त्यामुळे राजकारण येतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

सगळ्यात घातक सल्ला पदनाम बदलून घेण्याचा. कॅनडात प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी कोड असतो आणि त्यातला दुसरा अंक कामाची पातळी सांगतो. कुकचा कोड ६३२००, म्हणजे पातळी ३. किचन हेल्परचा ६५२०१, पातळी ५. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायम राहू इच्छिणारे कुशल कामगार निवडण्याच्या पद्धतीत, कुशल कामाचा अनुभव म्हणून ० ते ३ याच पातळ्या धरतात. आता अनुभवपत्रावर ‘कुक’ छापलं, पण कामाच्या वर्णनात भाजी चिरणं, भांडी घासणं आणि ओटा पुसणं एवढंच असेल, तर अधिकारी कामं बघतो, हुद्दा नाही. त्या कोडखाली दिलेली मुख्य कामं तुम्ही बऱ्याच अंशी केलेली असावी लागतात. खोटं पत्र जोडल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद. पत्र करून देणाऱ्या एजंटाचं काही जात नाही, ही पाच वर्षं अर्जदाराची जातात.

आणि यादीत आलेलं पद कायम राहतं, हा समज तर ब्रिटनमधल्या केअर वर्करांना, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना, फार महागात पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे काम यादीत आलं आणि हजारो लोक गेले. मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार-मुलांना सोबत नेणं बंद झालं. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. त्याच वेळी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कामाची किमान पातळी साधारण पदवीइतकी केली आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड केली. पद यादीत असतानाही स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार आणण्याचा सरकारी परवाना, असलेली कंपनी आणि ठरलेला पगार लागतच होता. नर्ससारख्या पेशात तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, ती वेगळीच.

एजंटाला पैसे देण्याआधी त्याच्याकडून तुमच्या कामाचा कोड लिहून घ्या. मग त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या कोडखालची कामं वाचा आणि आपण रोज काय करतो त्याच्याशी ओळीने ताडून पाहा.