‘बेस लाकूड, चीज चिमूटभर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानातून घरी करायचं पिझ्झा किट नेलं, ज्वारीच्या बेसचं. ओव्हन लावून १८० अंशांवर २५ मिनिटं भाजला तर बेस लाकडासारखा कडक झाला. दोन बेसना मिळून चीज फक्त ८० ग्रॅम, म्हणजे चिकटपणाची हद्द. ज्वारीचा म्हणून विकला त्यात गहू निघाला, ही फसवणूक. आणि शेवटी, ‘हेल्दीच्या नावाखाली पैसे उकळता, त्यापेक्षा पोरांना बाहेरचा पिझ्झा चारलेला परवडला.’

पैसे परत मागितलेत. ते मी देणार नाही आणि का देणार नाही तेही इथंच सांगते. जरा लांबेल, पण हेच प्रश्न काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतंच.

फसवणुकीचं आधी. पाकिटाच्या मागं घटकांची यादी आहे. ती वजनाच्या क्रमानं छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम. आमच्या यादीत पहिली गव्हाची कणीक आहे, मग ज्वारीचं पीठ, आणि पुढं टक्केही दिलेत, ६० आणि ४०. लपवायचं असतं तर टक्के कशाला छापले असते? निव्वळ ज्वारीचा फुगलेला बेस मलाही करायला आवडला असता, पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरीचं पीठ तुम्ही गरम पाण्यात कितीही मळा, ते पोळीसारखं ताणत नाही, थापावंच लागतं. यीस्टनं केलेला वायू धरून ठेवायला पिठाला ताण लागतो, तो गव्हातून येतो. म्हणून गहू. आणि म्हणूनच ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद केलाय त्यांना आम्ही हा बेस देत नाही, काउंटरवर तशी पाटी आहे.

हाच नियम वापरून तुम्ही बाजारातला कुठलाही बेस पारखू शकता. समोर ठळक अक्षरात ‘मल्टीग्रेन’ आणि मागं पहिलं नाव ‘मैदा’ असेल तर तो मैद्याचाच बेस समजा, वरून चार दाणे चिकटवलेला. तपकिरी रंगावर तर अजिबात जाऊ नका, रंग कॅरॅमलनंही येतो. बेस किती दिवस टिकतो तेही बघा. आमचा फ्रीजबाहेर दोन दिवसांवर जात नाही. पावसाळ्यात, इथल्या दमट हवेत, त्याच्याही आत बुरशी धरते, कारण बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट घालत नाही. ते घालणं बेकायदा नाही. आम्हाला नको एवढंच.

आता हेल्दीचं. पाकिटावर ‘वजन कमी होईल’ असं कुठंही लिहिलेलं नाही, आणि पीठ बदललं की पिझ्झा हलका होतो असंही मी कुणाला सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यात १०० ग्रॅम मैद्याला साधारण ३५० कॅलरी, कणकेला ३२० आणि ज्वारीला ३३५ च्या आसपास. म्हणजे फरक नावाला. खरा फरक तंतूंचा, म्हणजे फायबरचा आहे. मैद्यात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आत, कणकेत ११ आणि ज्वारीत १० च्या आसपास. पोट भरल्यासारखं वाटतं, तिसऱ्या तुकड्याला हात जरा आखडतो. पिठाचा फायदा एवढाच.

वजनाचा सगळा खेळ चीजपाशी आहे. मोझरेला १०० ग्रॅमला जवळपास ३०० कॅलरी. आमचा बेस सात इंची, त्याला १०० ग्रॅम पीठ जातं. ते सव्वातीनशे धरा, ४० ग्रॅम चीजचे साधारण ११५, सॉस, भाज्या आणि चमचाभर तेल मिळून ७०-८०. पाचशे-सव्वापाचशेत एका माणसाचं जेवण होतं. त्याच बेसवर १०० ग्रॅम चीज आणि कडेनं मोठा चमचाभर लोणी घातलं की तोच पिझ्झा आठशेच्या घरात जातो, आणि भाज्या तेवढ्याच राहतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या गावाला फॅट काय असतं ते मी सांगायला नको.

चिकटपणा म्हणाल तर एक हिशेब बघा. पिझ्झा मूळचा इटलीतल्या नेपल्सचा. तिथल्या पारंपरिक पिझ्झाची कृती युरोपीय संघानं २०१० साली नोंदवून संरक्षित केली. त्यात म्हशीच्या दुधाचं मोझरेला घातलेल्या मार्गेरिटाला चीज सांगितलंय ८० ते १०० ग्रॅम, आणि पिझ्झाचा व्यास ३५ सेंटिमीटरपर्यंत. आमचा बेस १८ सेंटिमीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर तो त्यांच्या मोठ्या पिझ्झाच्या जेमतेम चौथाई भरतो. म्हणजे जागेच्या मानानं आमचे ४० ग्रॅम त्यांच्यापेक्षा जास्तच झाले. तार ओढत खायचा, चीजनं लिंपलेला पिझ्झा हा नंतरचा प्रकार. तो वाईट असं मी म्हणत नाही, मीही खाते. पण तो हवा असेल तर आमचं किट घेऊ नका.

कमी चीज पुरवायची पद्धत मात्र आहे, ती किटमधल्या कागदावरही आहे. चीज फ्रीजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच बारीक किसा. एकसारखं पसरू नका, सॉस दिसेल अशी मोकळी जागा ठेवून ठिकठिकाणी टाका. आणि भाज्या चीजच्या वर जाऊ द्या, म्हणजे त्या भाजल्या जातात. चीजखाली दडपल्या तर वाफेवर शिजून पाणी सोडतात. टोमॅटोच्या बिया काढा, मशरूम आधी कोरडे परता, भाजीला मीठ लावून ठेवू नका. कपिलतीर्थात बारकी वांगी मिळाली तर पातळ काप तव्यावर भाजून घाला. पिझ्झावर वांगं म्हटल्यावर लोक माझ्याकडं बघतात, पण घालून बघा.

आणि स्वस्तात दिसेल ते चीज उचलू नका. मागं घटकांत वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं, कुठंतरी ‘ॲनालॉग’ असं छापलेलं असलं, तर ते दुधाचं चीज नव्हे. ‘बाहेरचा परवडला’ याबद्दल माझं म्हणणं इतकंच, की बाहेर खा, पण वर काय पडतंय ते एकदा विचारा.

आता तुमचा लाकूड झालेला बेस. ताई, कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे, १८० अंश, २५ मिनिटं. आमचा बेस अर्धा भाजलेला असतो. मंद आचेवर इतका वेळ ठेवला की तो भाजत नाही, वाळतो. टोस्ट खारी करायची असली तर ही पद्धत उत्तम. पिझ्झाला कडक आच आणि थोडा वेळ लागतो. नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीची फरशी ४८० अंशांच्या आसपास तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. आपल्या घरच्या ओटीजीत तेवढं होणार नाही, पण २३० किंवा २५० जे शेवटचं असेल ते लावा, आत ट्रे किंवा बिडाचा तवा ठेवून २० मिनिटं रिकामाच तापू द्या, मग पिझ्झा थेट त्या तापल्या तव्यावर सरकवा. सहा ते आठ मिनिटं. कडा डागाळली की काढा. कागदावर हे मराठीत, मोठ्या अक्षरात आहे.

ओव्हन नसेल तर गॅसवर आणखी सोपं. बिडाचा तवा चांगला तापवून बेसची वरची बाजू मिनिटभर शेकायची, उलटवायचा, शेकलेल्या बाजूवर सॉस, चीज, भाज्या, वर झाकण आणि आच बारीक. पाच-सहा मिनिटांत चीज वितळतं, खालून खमंग होतं. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच बायका आता असाच करतात.

सॉसबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण फोटोत पिझ्झावर केचप दिसतोय, म्हणून सांगते. केचपमध्ये १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर साखर असते. किटमधला सॉस नुसता टोमॅटो, लसूण आणि मिठाचा आहे, तो आंबट लागतो हे खरं. पोरांना रुचत नसेल तर त्यात घरची कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा कालवा. आमच्या घरात ओरेगॅनोची पुडी कुणी शोधतसुद्धा नाही. फक्त चटणीत मीठ असतं, चीजमध्ये असतं, बेसमध्ये असतं, तेव्हा वरून आणखी टाकू नका. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या गावात हे बोलणं अवघडच आहे, असो.

आणि घरी केला म्हणजे तिघांनी चार पिझ्झे संपवायचे असंही नाही. एकाला एक, सोबत काकडी-गाजराची कोशिंबीर, बास झालं.

रिव्ह्यू काढा किंवा स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय की दुसरा बेस अजून फ्रीजरमध्ये आहे. तो टाकून देऊ नका. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा आणि वरच्या पद्धतीनं करून बघा. घरी नको वाटलं तर सोमवार सोडून कुठल्याही संध्याकाळी पाचनंतर दुकानात घेऊन या, मुलांनाही आणा, तुमच्यासमोर आमच्या तव्यावर भाजून देते. भाजून द्यायचे पैसे नाहीत. जादा चीजचे तेवढे लागतील.