सही करायची की नाही, हे दारात ठरत नाही

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप सहज हातात घेतली, तर तीत अर्ध्या गोळ्या. सुरीने कापलेल्या, उरलेला तुकडा परत त्याच खळग्यात ठेवून वरून टिश्यू पेपर गुंडाळलेला. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, पुरवून पुरवून घेतेय. पार्सल आलं होतं, पण मी दार नाही उघडलं. सही केली की पोलीस येतात म्हणे." आणि शिवणाच्या पिशवीतून पोस्टमनने दाराला चिकटवलेली पीच रंगाची चिठ्ठी काढून दिली. नऊ दिवसांपूर्वीची. त्या संध्याकाळी त्यांचं बीपी मोजलं, १७२/९६.

आई, म्हणजे सासूबाई, दिवाळीत साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. येताना तीन महिन्यांची औषधं होती. मुक्काम लांबला, म्हणून भाऊजींनी पुढची औषधं पोस्टाने पाठवली. तेच हे पार्सल. आणि दार न उघडण्याचा सल्ला आला भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. तो मेसेज नंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात: सही म्हणजे गुन्ह्याची कबुली आणि न केल्यास काही होत नाही, तीन महिन्यांची औषधं मागवणं हा कायदेशीर हक्क आहे, गोळ्या स्ट्रिपमधून काढून मेतकुटाच्या किंवा लाडवांच्या डब्यात पाठवाव्यात, न घेतलेलं पार्सल सुखरूप परत जातं, आणि सरकारी पत्र आलं तर फाडून टाकावं, नाहीतर व्हिसा रद्द होतो.

मी इथे फार्मासिस्ट आहे. रोज काउंटरला उभी असते. हा मेसेज लिहिणाऱ्याने एकही सरकारी कागद वाचलेला नाही, हे मी खात्रीने सांगते.

आधी सही. पोस्टाच्या पावतीवरची सही एवढंच सांगते की पार्सल कोणी घेतलं. आत काय आहे, ते मागवलं कोणी, ते चालतं की नाही, यातलं काहीही ती कबूल करत नाही. अमेरिकन कायदा विचारतो ते हे की माणसाने जाणूनबुजून केलं का. जाणूनबुजून मागवलं असेल तर पैसे भरल्याची नोंद, ईमेल, फोनवरचे मेसेज, पार्सलवरचा पत्ता हे सगळं असतंच, सही असो वा नसो. मागवलेलंच नसेल, तर नुसत्या सहीने कोणी गुन्हेगार होत नाही.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागेल. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडला तर ते जप्त न करता, पोस्टमनच्या वेशातल्या अधिकाऱ्याने दारात नेऊन द्यायचं आणि घेणाऱ्याला पकडायचं, असं खरंच करतात. पण ते टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीसाठी नाही. आणि समोरून पार्सल नाकारायचा हक्कही आहे, फक्त तो सही करायच्या आधी. सहीचं टपाल एकदा घेतलं की 'नको' म्हणून फुकट परत करता येत नाही. म्हणजे अनोळखी ठिकाणाहून, न मागवलेलं औषधांचं खोकं आलं, तर खुशाल नाकारा. स्वतःच्या मुलाने पाठवलेली, यादी माहीत असलेली औषधं नाकारून गोळ्या अर्ध्या करायच्या, हे मात्र जिवाशी खेळणं आहे.

तीन महिन्यांच्या 'हक्का'बद्दल. औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचं रेग्युलेटरी प्रोसीजर्स मॅन्युअल आहे, त्याचं नववं प्रकरण आयातीवर आहे आणि त्यात वैयक्तिक वापराच्या औषधांबद्दल स्वतंत्र भाग आहे. तो कोणालाही वाचता येतो. तिथे हक्क हा शब्द नाही. उलट, इथे मान्यता नसलेलं औषध बाहेरून मागवणं बहुतेक वेळा बेकायदाच आहे. गंभीर आजारावर इथे उपचार मिळत नसेल, औषधाचा अवास्तव धोका नसेल, इथल्या लोकांसाठी त्याची जाहिरातबाजी चाललेली नसेल, स्वतःसाठीच आहे असं लिहून दिलं असेल, इथल्या डॉक्टरचं नाव किंवा परदेशात सुरू झालेल्या उपचाराचा पुरावा असेल आणि साठा साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर अधिकारी सोडू *शकतो*. मेसेजवाल्याने त्यातला तीन महिन्यांचा आकडा तेवढा उचलला, बाकीच्या अटी गाळल्या.

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वर्षानुवर्षं राहणारे आपलेच लोक 'तिकडे स्वस्त पडतं' म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मागवतात. ते या सवलतीत बसत नाही. पाहुण्यांची गोष्ट वेगळी. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला पुढची औषधं मागवता येतात, हे एफडीएनेच सांगितलंय. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शनची प्रत हवी, आणि सगळं इंग्रजीत. म्हणजे आईंसारख्यांसाठी सरळ वाट आहे. ती सोडून या मेसेजने त्यांना दाराआड लपायला लावलं.

आता मेतकुटाचा डबा. पाचांतला हा सल्ला सगळ्यात घातक आहे. गोळी स्ट्रिपमधून निघाली की तिचं नाव गेलं, ताकद गेली, बॅच आणि मुदतीची तारीख गेली. माझ्या काउंटरवर एकदा एक काका वाटीत गोळ्या घेऊन आले होते. पांढऱ्या, छोट्या, गोल, तीन प्रकारच्या, हळदीचा पिवळा डाग पडलेल्या. "यातली थायरॉइडची कुठली ते सांगा." भारतीय गोळ्यांवर बहुतेक वेळा ओळखीचा छाप नसतो. मी नाही सांगू शकले. त्यात झोपेचीही एक होती, असं ते म्हणाले. रोज सकाळी उपाशीपोटी त्यांनी काय घेतलं असेल, याचा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

वर, डब्यावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर 'खाद्यपदार्थ' लिहायचं. हे खोटं निवेदन आहे आणि ते स्वतःच गुन्हा ठरू शकतं. एक्स-रेमध्ये लाडवांमधल्या गोळ्या दिसतात. उघडपणे, कागदांसह आलेल्या औषधाचा अधिकारी विचार तरी करू शकतो. लपवून आलेल्या गोळ्यांबद्दल 'आमच्या आईची औषधं आहेत हो' हे वाक्य कोण ऐकणार?

आणि लपवायची वेळ बहुतेक ज्या गोळ्यांसाठी येते, त्या मुळात पाठवायच्याच नसतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या मन शांत करणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या इथे नियंत्रित औषधांच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१४ पासून त्याच यादीत आलं. पायांची आग होते म्हणून आपल्याकडे सर्रास देतात ते प्रेगाबालिन पाचव्या अनुसूचीत आहे. कोडीनचं खोकल्याचं औषधही नियंत्रितच. गावाकडचा केमिस्ट ओळखीवर यातलं बरंच काही देतो, म्हणून ते साधं औषध वाटतं. पण टपालाने ही औषधं मागवायला ना तीन महिन्यांची सवलत लागू होते, ना डॉक्टरची चिठ्ठी पुरते. कोणी रोज अल्प्राझोलाम घेत असेल तर ती एकदम तोडूही नका, झटके येऊ शकतात. संपायच्या आधी इथल्या डॉक्टरकडे जा.

वेबसाइटवरून मागवणाऱ्यांना एवढंच सांगते की प्रिस्क्रिप्शन न विचारता गोळ्या देणारं दुकान हे दुकान नाही. तिथून येणाऱ्या गोळीत फेंटानिलसारखं जहाल अमली औषधही निघू शकतं.

'सुखरूप परत जातं' हेही खरं नाही. २०१२ च्या कायद्याने एफडीएला अधिकार दिला आणि २०१५ मध्ये नियम झाला: नाकारलेलं औषध २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी किमतीचं असेल तर ते नष्ट करता येतं. घरी येणारी पार्सलं त्याच्या आतच असतात.

आणि ते पत्र. अडवलेल्या पार्सलचं पत्र म्हणजे अटकेचं वॉरंट नव्हे. काय अडवलं, का अडवलं, कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आणि कोणाला, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रिस्क्रिप्शन आणि पासपोर्टची प्रत पाठवायची संधी तीच. पत्र फाडलं की मुदत जाते आणि औषधही जातं.

आमचं पार्सल अडवलं गेलं नव्हतं. ते पोस्टातच पडून होतं. भाऊजींनी पाठवण्याआधी मला यादी विचारली होती. तेव्हा मी झोपेची गोळी काढायला लावली आणि बाकीची औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, बिल आणि कागदांसह ठेवायला सांगितली. चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना पोस्टात नेलं. खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि सहीचा स्क्रीन पुढे केला. आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बोटाने मराठीत सही केली. घरी येऊन खोकं उघडलं, आणि स्ट्रिपमधले सगळे अर्धे तुकडे मी त्यांच्यासमोर वेगळे काढले. झोपेच्या गोळीसाठी गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.