‘कॅमेऱ्याचा पासवर्ड यांच्याकडेच नाही’ : तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. तक्रार अशी, की तुम्ही कॅमेऱ्यांचा पासवर्ड विसरलात, आम्हाला फोन केला आणि ‘तो आमच्याकडे नसतो’ असं उत्तर मिळालं. मग माणूस येऊन सगळं रीसेट करेपर्यंत मोबाइलवर काही दिसत नव्हतं. आधीचा माणूस म्हणे फोनवरच पाच मिनिटांत करून द्यायचा.

खोळंबा झाला, चिडचिड होणारच. पण पासवर्ड आमच्याकडे नसणं हे मुद्दाम आहे आणि ते तसंच राहील.

तुमच्याकडे आमच्या मुलाला काय सापडलं ते इथे चारचौघांत लिहीत नाही. कागदावर तुम्हाला दिलंय. एरवी फोनवरून असं काम होतं ते कसं, तेवढं सांगतो. एक तर कॅमेऱ्याचं मुख्य खातं बसवणाऱ्याच्याच ईमेलवर असतं आणि घरमालकाला त्यातून फक्त ‘शेअर’ केलेलं असतं. म्हणजे तुमचा दिवाणखाना तो हवा तेव्हा बघू शकतो. नाहीतर डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला) कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा, सताड उघडा सोडलेला असतो. मग तो एकटाच कशाला, कोणीही आत येतं.

२०१६ मध्ये हेच झालं. मिराई नावाचा व्हायरस कंपनीच्या मूळ नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन इंटरनेटवर फिरत होता. ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५६, असल्या. तेवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांनी डाइन (Dyn) या, साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. कॅमेरा बंद करून चालू केला की मिराई पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत हजर. घरमालकाला पत्ताच नाही, कारण चित्र तर नेहमीसारखंच दिसत होतं! ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सरसकट सारखे पासवर्ड कायद्यानेच बंद केलेत.

‘वहीत लिहून ठेवायला काय जातं’ असं तुम्ही विचारलंय. ती वही हरवली, किंवा ज्या मोबाइलमध्ये उतरवलं तो चोरीला गेला, तर आमच्या सगळ्या ग्राहकांच्या घरांच्या किल्ल्या एका जुडग्यात गेल्या. वही तुमची तुम्ही ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवण्यात काही गैर नाही. इंटरनेटवरून कपाट उघडता येत नाही.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवायला आमच्या मुलाने नकार दिला, हा उद्धटपणा नव्हता. तुमचा नंबर निम्म्या ओळखीच्यांकडे असणार.

आता मुख्य खातं तुमच्याच चालू ईमेलवर आहे. पुन्हा विसरलात तर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबा, कोड तुमच्याच मेलवर येईल. आमची गरजच नाही. आज एवढं मात्र करा : ॲपमध्ये ‘शेअर केलेली उपकरणं’ उघडून तिथे कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, अनोळखी असेल ते काढून टाका. अडलंत तर फोन करा, आमचा मुलगा दाखवेल, बटणं तुम्ही दाबायची.

आणि आमचं नाव सांगून कोणी तो कोड फोनवर मागितला तर देऊ नका. आम्ही मागत नाही.