शेवटचा दिवस वजनकाट्यावर

दरवर्षी तेच! सुट्टी संपवून मालवणातून दुबईला परतायचं, तर शेवटच्या दिवशी चिवल्याच्या किनाऱ्यावर निवांत बसायचं ठरलेलं. पण छे! सकाळपासून बॅगा आणि तो लटकवायचा वजनकाटा. तीस किलो भरले की सासूबाई कुळथाच्या पिठाची पिशवी पुढे करतात, "ह्यां पण भर गो, हलकां आसा!" मग माझ्या साड्या बाहेर. कोकमाच्या आगळाची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी गेल्या वर्षी ह्यांचे पांढरे शर्ट गुलाबी झालेच. (बरं झालं म्हणा.) सुकं खोबरं विमानात चालत नाही, हे कितव्यांदा सांगायचं? आणि आमचे साहेब? सोलकढी पिऊन ओटीवर आडवे. उद्या मोपा विमानतळाच्या काउंटरवर बॅगा उघडून बसायला मी आहेच!